मनोलीचा एक दाणा

एक होती मनोली. चिमणीहून छोटी. तिचं एक पिल्लू. मनोलीहूनही छोटं.

पिल्लू भुकेलं. चीं चीं चीं चीं.

मनोली निघाली माळावर. टुण टुण टुण. पवना गवताचा दाणा रोज मिळायचा. आज नाही मिळाला. माळ नुसता पांढरा. जिकडे तिकडे गाजरगवताची फुलं.

"पवन्या, पवन्या, दाणा दे. पिल्लू रडतं."

"कुठून देऊ बाई? गाजरगवत डोक्यावर बसलंय. ते हटलं की देईन."

टुण टुण टुण.

"गाजरगवता, हट. पिल्लू रडतं. पवना दाणा देईना."

"मी आलो समुद्रापलीकडून. बोटीतून, गव्हाच्या पोत्यात बसून. आता इथलाच. शेळीनं तुडवलं तर हटेन."

घरट्यातून आवाज आला. चीं चीं चीं.

"शेळीबाई, तुडव. पिल्लू रडतं. पवना दाणा देईना. गाजरगवत हटेना."

"शी. तोंडात गेलं तर कडूजहर. सगुणाआत्यानं उपटून टाकलं की तुडवीन."

चीं चीं.

सगुणाआत्या ओट्यावर तांब्या घासत होती.

"आत्या, उपट. पिल्लू रडतं. पवना दाणा देईना. गाजरगवत हटेना. शेळी तुडवेना."

"हे बघ माझे हात. खाजून खाजून लाल. वर धाप लागते ती वेगळीच. भुंग्यानं पानं खाल्ली की उपटते."

चीं.

भुंगा मातीत झोपला होता. घुर्र घुर्र.

"भुंग्या, ऊठ. पिल्लू रडतं. पवना दाणा देईना. गाजरगवत हटेना. शेळी तुडवेना. आत्या उपटेना."

"मीही समुद्रापलीकडचाच. गाजरगवताच्या गावचा. ते खायला मला आणलं. पण पाणी विचारलं का कुणी? माती ओली झाली की उठेन."

मनोलीनं कान दिला. घरट्यातून आवाजच येईना.

पाय चालेनात. तरी गेली. टुण. टुण.

"आत्या, पाहुणा आलाय. फार लांबून. त्याला कुणी पाणी विचारलं नाही."

आत्याचा हात थांबला.

"माझ्या दारात पाहुणा कोरडा? आधी नाही सांगायचं, बये?"

आत्यानं तांब्या भरला. मातीवर ओतला. बुडबुड बुडबुड.

भुंगा जागला. पानं खाल्ली, कुर्रम कुर्रम. आत्यानं हाताला फडकं गुंडाळलं. उपटलं, सटासट. शेळीनं तुडवलं, धप धप. गाजरगवत हटलं. पण एवढ्याशाच जागेवरून. पवन्यानं मान वर काढली. दाणा दिला.

एकच.

मनोली उडाली. भुर्र. दाणा पिल्लाच्या चोचीत ठेवला.

पिल्लू हललं नाही.

मनोली बसून राहिली.

चीं.

माळ अजून पांढराच आहे. भुंगा एकटाच खातोय. आत्या तांब्या भरून ठेवते. मनोलीला उद्या पुन्हा जायचंय.

आजचा दाणा पोटात, उद्याचा गवतात, गोष्ट आपल्या ओठात.