शब्दाची माती

"…ते सगळं खरं. पण तुम्ही माझ्या कोपऱ्यात बसाल का नाही, एवढंच सांगा."

बापूलाल वस्तादांनी पुढचं लिंबू उचललं. कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या कठड्यावर बसून ते लिंबं कापत होते. अर्धं लिंबू मातीत पिळायचं, साल बाजूला टाकायची, पुढचं घ्यायचं.

कागलकडच्या त्या गावात दुपारी तालीम रिकामी असते. पोरं जेवून लोळत पडलेली असतात आणि म्हातारा एकटाच मातीची सरबराई करत बसतो. ताक, तेल, हळद, लिंबू… बाळंतपणाला आलेल्या लेकीचं करावं, तसं.

समोर स्टुलावर आनंदा चौगले बसला होता. याच मातीत वाढलेला पैलवान. बारा वर्षांपूर्वी रागानं तालीम सोडून गेला आणि पिंजऱ्यातल्या लढतींत उतरला.

तिथं ठोसा चालतो, लाथ चालते, गळा आवळलेलाही चालतो. एकजण बेशुद्ध पडेपर्यंत, नाहीतर हातानं थापटून हार कबूल करेपर्यंत लोक तिकीट काढून बघतात. पोस्टरवर त्याचं नाव 'अँडी' असं छापत. आनंदा हे नाव कुणाच्या जिभेला जड झालं होतं, देव जाणे.

पुढच्या महिन्यात दुबईला लढत होती. तिथल्या नियमानं लढणाऱ्याच्या कोपऱ्यात त्याचा एक माणूस लागतो. गडी आता टिकत नाही असं वाटलं, तर तो माणूस टॉवेल आत फेकून लढत थांबवू शकतो.

आनंदाच्या कोचनं त्याचा फोन उचलणं सोडलं होतं. बाकीच्यांनी तोंडावर नाही म्हटलं होतं. माणूस नाही तर लढत नाही. आणि लढत नाही तर अँडी संपला.

म्हणून तो गुरूच्या दारात आला होता. शिव्या बसतील, एखादी थोबाडीतही बसेल, अशी तयारी ठेवून आला होता. पण म्हाताऱ्यानं साधं "कधी आलास?" सुद्धा विचारलं नाही. भिंतीकडचं स्टूल ओढून तेवढं पुढं केलं.

आनंदाचा उजवा गुडघा त्याला खाली बसू देत नव्हता. हे त्यानं अजून सांगितलंही नव्हतं. जुनी नजर ती, चालण्यावरूनच ओळखलं असेल, असं त्याला वाटलं.

"आज सकाळी एसटीनं उतरलो आणि तडक तुमच्याकडंच आलो, वस्ताद. बारा वर्षांनी."

"व्हय."

"चाची कुठं आहे? दिसली नाही."

सुरी थांबली. वस्ताद त्याच्याकडं बघत राहिले…

"गेली रं. दोन पावसाळं झालं."

आनंदाला हुंदका फुटला. याच चाचीनं, वस्तादांच्या बायकोनं, त्याला घरच्या पोरांच्या आधी भाकरी वाढली होती. एवढा थोराड माणूस, कानाच्या पाळ्यांच्या गाठी झालेला, पण लहान पोरासारखा रडला.

वस्तादांनी त्याला रडू दिलं. जवळ आले नाहीत, एक शब्द बोलले नाहीत. आनंदाला ते फार लागलं. बारा वर्षांचा राग एका दुपारीत थोडाच निवणार, अशी त्यानंच मग मनाची समजूत घातली.

डोळे पुसून तो ताठ बसला.

"नाव काढलं मी, वस्ताद. दोन वर्षं चॅम्पियनचा बेल्ट माझ्या कमरेला होता. आणि एकदाही थापटलं नाही. एकदा हात मोडला, हाडाचा आवाज पार मागच्या रांगेपर्यंत गेला. पण थापटलं नाही."

"हार कबूल करायची सोय हाय म्हन की त्यात."

"आहे. भित्र्यांसाठी."

"जित्यांसाठी आसंल."

आनंदा हसला. म्हाताऱ्यांना या खेळातलं काय कळणार? त्याच्या मनात अजून एक गोष्ट होती आणि ती कशी काढावी, हे काही सुचत नव्हतं. तो चुळबुळत राहिला.

वस्तादांनी पुढचं लिंबू घेतलं. मान खाली घालूनच बोलले.

"मी आलो तर टावेल टाकायचा न्हाई, काय बी झालं तरी. आसंच न्हवं?"

आनंदाच्या अंगावर काटा आला.

तोंडातून अक्षर निघालं नव्हतं, आणि म्हाताऱ्यानं शब्द न् शब्द सांगितला! गुरूला शिष्याच्या मनातलं न सांगता कळतं, असं आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. सांगणाऱ्यांच्या बापाचं काय जातं? ऐकणाऱ्याला मात्र ते गोड लागतं. आनंदालाही लागलं. तो कसाबसा वाकला आणि त्यानं वस्तादांचे पाय धरले.

"तुम्हाला सगळं कळतं."

"मला काय बी कळत न्हाई. मी निस्तं ऐकतो."

…

"मग याल ना?"

"सांगितलं तर ऐकशील?"

"तुम्ही सांगाल ते."

"लढू नगंस."

"ते सोडून."

वस्ताद खिन्न हसले. तालमीत चिलटं घोंगावत होती, लिंबाचा आणि ताकाचा आंबूस वास भरला होता. आनंदाला तो वास लगेच ओळखू आला. नावं अलीकडं निसटायची, हॉटेलातला खोलीचा नंबर निसटायचा, पण हा वास पक्का होता.

"मग माती तरी द्या," तो म्हणाला.

या तालमीची एक रीत होती. मोठ्या कुस्तीला निघालेल्या पैलवानाला वस्ताद हौद्यातली मूठभर माती रुमालात बांधून द्यायचे. पण आधी शब्द घ्यायचे. वस्ताद 'थांब' म्हणतील तिथं थांबायचं. शब्द नाही तर माती नाही, मग पैलवान कुणाचाही पोर असो.

बारा वर्षांपूर्वी आनंदानं तो शब्द दिला होता. जत्रेची कुस्ती होती, समोर त्याच्या दीडपट गडी. आनंदाची मान त्या गड्याच्या काखेत अडकली आणि वस्ताद धोतर सावरत आखाड्यात धावले. पंचांच्या हातापाया पडून त्यांनी कुस्ती बरोबरीत सोडवली.

आनंदानं रुमाल सोडला आणि शब्दाची ती माती गावासमोर त्यांच्या पायांवर ओतली. त्यानंतर तो गेला तो गेलाच.

"ती कुस्ती मी मारली असती," आनंदा आता म्हणाला. घाव अजून ओला होता.

"मारली आसतीस. मान ऱ्हायली नसती."

"नसती राहिली तर नसती! लोकांनी माझं नाव तरी घेतलं असतं."

"लोकं न्हवं… तू. तुला तुजं नाव घ्याया याया पायजे."

हे आनंदाला कळलं नाही. कळून घ्यायची त्याला गरजही वाटली नाही.

"माती द्या, वस्ताद. निघतो मी."

"शब्द?"

आनंदा उठला. गुडघा कडकन वाजला. डोक्यात डाव्या बाजूला ती नेहमीची कळ आली, डोळ्यांपुढं क्षणभर अंधारलं. तरी तो छाती काढून उभा राहिला.

"तो शब्द सोडून काहीही मागा. घर मागा, बेल्ट मागा, पायाशी आणून ठेवतो. पिंजऱ्यात मेलो तर मेलो. पण कुणी थांब म्हटलं म्हणून थांबेन, असला शब्द आनंदा चौगले या जन्मात कुणाला देणार नाही!"

दुबईत या वाक्यावर लोक खुर्च्यांवर चढून ओरडले असते. इथं वस्तादांच्या मांडीवरचं लिंबू घरंगळत हौद्यात गेलं, एवढंच.

वस्तादांनी सुरी खाली ठेवली. हात धोतराला पुसले. 

"खिशात बघ."

"काय?"

"जाकिटाच्या. डाव्या खिशात."

आनंदानं हात घातला. बोटांना काहीतरी लागलं. त्यानं बाहेर काढलं.

रुमालाची पुरचुंडी होती. रुमाल त्याचाच होता. गाठ मात्र वस्तादांची, पीळ देऊन आत खोचलेली. तशी गाठ पंचक्रोशीत दुसरं कुणी मारत नाही.

त्यानं गाठ सोडली. आत लाल माती होती, अजून ओलसर. लिंबाचा वास आला.

क्षणभर त्याला वाटलं, हा चमत्कारच! शब्द न घेता, जागचं न हलता, गुरूनं माती दिली. त्याचे हात आपोआप जोडले गेले. रुमाल दोन्ही तळव्यांत धरून त्यानं वर पाहिलं.

चमत्कार करणाऱ्या माणसाचा चेहरा असा नसतो.  वस्तादांच्या डोळ्यांतलं पाणी दाढीत उतरलं होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

"वस्ताद… ही कधी दिलीत?"

वस्ताद जवळ आले. दुपारभरात पहिल्यांदाच त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, अगदी हलका, दुखऱ्या जागी ठेवावा तसा.

"काल, तू शब्द दिलास तवा. काल बी तू बारा वर्षांनीच आलतास, आनंदा."