मलमलीचा पडदा

नदीकाठच्या एका नगरात एकदा धनपाल नावाचा कापडाचा व्यापारी राहत होता. त्याची पत्नी रेवती निवर्तली, तेव्हा तिने स्वतःच्या हातांनी विणलेला मलमलीचा पांढरा पडदा पूर्वेच्या खिडकीत टांगलेला होता. उन्हाने त्याची कड पिवळी पडल्याचे धनपालच्या ध्यानात आले आणि त्याच्या काळजात धस्स झाले. तिची एवढीच तर खूण उरली होती! त्याने पडदा घडी करून पेटीत ठेवला, खिडकीला अडसर घातला. ती खोली कित्येक वर्षे काळोखात राहिली.

पुढे एकदा त्याने पेटी उघडली, तर घडी पडलेल्या जागीच सूत तुटू लागले होते. व्याकूळ होऊन तो नगराबाहेर राहणाऱ्या एका वृद्ध गुरुजींकडे धावला.

गुरुजींची दृष्टी वार्धक्याने मंद झाली होती, म्हणून त्यांची शिष्या इरावती हात धरून त्यांना धनपालच्या घरी घेऊन आली. ती विणकराची मुलगी. पडदा पाहताच म्हणाली, “शेठजी, ऊन लागलं की मलमल विरते. पेटीतच असू द्या. फक्त अधूनमधून घडी मोडत जा.”

गुरुजींनी पडदा मांडीवर घेतला आणि कितीतरी वेळ त्यावरून बोटे फिरवली. मग म्हणाले, “उद्या सूर्योदयाला हा त्याच खिडकीत टांगा. खिडकी सताड उघडी ठेवा.”

इरावती चपापली. “गुरुजी, पण ऊन?”

“ऊन येऊ दे, बाळ.”

धनपालचा चेहरा उतरला. पण गुरुजींचा शब्द मोडवेना. दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वी इरावतीनेच पडदा टांगला. पडद्याचे सूत तुटले तर या माणसाला आपण काय तोंड दाखवणार?

नदीपलीकडे सूर्य वर आला. पहिली किरणे मलमलीत शिरली. त्या कोऱ्या पांढऱ्या वस्त्रात हंस उमटले होते! पांढऱ्यावर पांढरे, एकामागे एक, माना उंचावून उडणारे. किंचित जाड सुताने विणलेले ते हंस प्रकाश पाठीशी असल्यावाचून दिसतच नव्हते. वाऱ्याची झुळूक आली, पडदा हलला आणि अवघा थवा पंख पसरून खोलीभर तरंगू लागला. इरावतीचे हात नकळत जोडले गेले.

धनपाल मटकन खाली बसला. “ती म्हणायची, सकाळी जरा थांबा, एक गंमत दाखवते. मी दुकानाच्या घाईत… एकदाही थांबलो नाही, गुरुजी.”

गुरुजी हळुवारपणे म्हणाले, “माझ्या बोटांना जाड सूत लागलं, पण काय विणलंय ते कळेना. ते सूर्यच सांगणार होता. शेठजी, हे वस्त्र उन्हाने विरतं हे खरं, आणि ते उन्हासाठीच विणलंय हेही खरं. आता असं करा. खिडकीच्या बाजूने जाड मांजरपाटाचा दुसरा पडदा लावा. दिवसभराचं ऊन तो सोसेल, आणि जीर्ण झाला की बदलता येईल. पहाटेचं कोवळं ऊन असेल तेवढा वेळ मात्र तो बाजूला सारत जा.”

“तरीही हा एक दिवस विरेलच ना?” धनपालने विचारले.

“विरेल. पेटीतही विरतच होता.”

धनपालने मान डोलावली. ऊन हळूहळू तापू लागले होते. इरावती जाडेभरडे कापड घेऊन खिडकीशी गेली, तेव्हा तो उठला आणि म्हणाला, “थांब, मुली. मी लावतो.” त्याने मलमलीला धक्काही लागू न देता ते कापड खिडकीच्या बाजूने सरकवले. हंस एकेक करून पांढऱ्या वस्त्रात मिसळून गेले. खोलीत मंद, शीतल सावली पसरली.

दाराशी पोहोचल्यावर इरावतीने मागे वळून पाहिले. धनपाल त्या कोऱ्या पडद्यासमोर अजून उभा होता, आणि त्याच्या मुद्रेवर भय नव्हते.

आपण जपून ठेवलेल्या वस्तूंपैकी कितीतरी आपण अजून पाहिलेल्याच नसतात.