वाडवडिलांचं मत

पिंपळसोंडच्या नगराध्यक्षपदासाठी दाजीसाहेब रणनवऱ्यांसमोर यंदा शाळेच्या मुख्याध्यापिका वत्सलाबाई दुधाणे उभ्या राहिल्या, आणि दाजीसाहेबांची झोप उडाली. बाईंनी घाबरून अर्ज मागे घ्यावा, म्हणून त्यांनी चौकात सभा भरवली. गावातले सर्वांत कर्मठ गृहस्थ धोंडोपंत खासनीस यांना मुद्दाम व्यासपीठावर बसवलं. वत्सलाबाईही गर्दीत होत्या. लोकांची सारखी चुळबुळ चालली होती.

"पंत, तुम्हीच सांगा," दाजीसाहेब माइकवर गरजले, "आपल्या वाडवडिलांनी कधी बाईला मत दिलं होतं?"

"कधीच नाही," पंत म्हणाले. टाळ्या पडल्या. वत्सलाबाईंचा चेहरा उतरला.

टाळ्या थांबल्यावर पंत पुढे बोलले, "पण दाजीसाहेब, त्यांनी तुम्हालाही कधी दिलं नव्हतं. वाडवडिलांवर सोडलं तर तुम्ही दोघंही बाद. तेव्हा या खेपेला मला माझंच डोकं चालवावं लागणार."

सभेत हशा उसळला. दाजीसाहेबांनी माइक पुन्हा स्वतःकडे ओढला. "मग मत देणार कुणाला?"

"ते चारचौघांत सांगायची आमच्या घरात पद्धत नाही," म्हणत पंत खाली उतरले.

वत्सलाबाईंनी अर्ज मागे घेतला नाही.