बळीरामाचा सरळ तास

एका डोंगराच्या कुशीत एक गाव होतं आणि त्या गावाचा पाट सापासारखा वाकडा होता. नवखा पाहुणा हटकून विचारायचा, "नांगर धरणारा झिंगला होता की काय?"

तसं नव्हतं. गावाची एक रीत होती. पाऊस सरला की बळीरामाची जत्रा भरे. एक जण बळीराम व्हायचा. निळं वस्त्र नेसायचा, एकाच कानात कुंडल घालायचा आणि ओढ्यापासून गावाच्या टोकापर्यंत नांगराचा तास ओढायचा. तो तास म्हणजे देवाची रेघ. त्याच रेघेवर पाट खणायचा आणि वर्षभर त्याचंच पाणी प्यायचं.

आता देव झाला तरी माणूसच तो! कोणी मेव्हण्याच्या मळ्याकडे वळला, कोणी जावयाच्या. पाणी वळणावळणावर मुरायचं आणि खालच्या आळीला उरायचा ओला चिखल. तिथल्या बायका मैलभर चालून घागरी भरायच्या. आणि गावातले शहाणे? ते हात जोडून म्हणायचे, "देवाची इच्छा!" असं म्हटलं की कोणाला जाब विचारावा लागत नाही.

त्या वर्षी बळीराम झाला गावातला एक पहिलवान. जत्रेत बळीरामासोबत कृष्णही असे; तो झाला पहिलवानाचा धाकटा भाऊ. धाकटा सडपातळ, सावळा आणि बोलायला गोड. भावाच्या हाती नांगर येणार म्हणताच त्यानं उंचावरच्या मुरमाड रानात केळी लावूनसुद्धा टाकल्या.

जत्रेच्या सकाळी ढोल वाजले, गुलाल उधळला, बैल निघाले. मोरपीस सावरत धाकटा पुढं चालला होता. थोडं अंतर गेल्यावर तो मागं वळून हळूच म्हणाला, "दादा, इथनं डावीकडं. एवढंसं वळण."

थोरल्यानं बैल सरळच हाकले.

"दादा, केळी वाळतील रे माझी!"

आईमागं थोरल्यानंच या पोराला वाढवलं होतं. पण मूठ ढळली नाही.

शहाण्यांपैकी एक ओरडला, "अरे, कृष्णाचा भाऊ ना तू? आपल्या माणसासाठी एवढं करत नाहीस?"

आता थोरला तापला. "बळीराम ठाऊक आहे का तुम्हाला? गदायुद्धात भीमानं कमरेखाली घाव घातला, तेव्हा त्यानं नांगर कोणावर उगारला? आपल्याच आतेभावावर, भीमावर! कृष्ण समजावत होता तरी म्हणाला, अधर्म तो अधर्मच. आणि हे कपडे मी नुसते मिरवायला घालू?"

"तो युद्ध सोडून तीर्थयात्रेला गेला होता," धाकटा फणकारला. "तूही जा!"

"जातो की. एवढा तास पुरा करून."

लोक हसले. धाकट्याचा पारा चढला. तो पीतांबरासकट नांगरापुढं आडवा झाला. "घाल आता माझ्या अंगावर!"

थोरल्यानं बैल थांबवले. खाली वाकला, धाकट्याला उचललं, लहानपणी उचलायचा तसंच खांद्यावर बसवलं आणि पुन्हा मूठ धरली. ढोलवाल्यांना तर चेवच आला!

"सोड दादा! लोक हसतायत!"

"हसू देत. कृष्णाला हसण्याचं वावडं नव्हतं."

धाकटा हातपाय झाडत राहिला. मग त्यानं मान वर करून पाहिलं. खांद्यावरून त्याला खालची आळी दिसत होती. करपलेले वाफे दिसत होते. तिथल्या बायका डोक्यावरच्या घागरी विसरून, श्वास रोखून नांगराच्या फाळाकडं पाहत उभ्या होत्या. नांगर आता वळेल, मग वळेल, या धास्तीनं.

"दादा," तो पुटपुटला. मग मोठ्यानं ओरडला, "दादा, उजवीकडं झुकतोयस! सरळ घे, सरळ!"

तास थेट खालच्या आळीत जाऊन टेकला. लगोलग कुदळी चालल्या. पाणी आलं तसे म्हातारेकोतारेसुद्धा पाटात नाचले आणि धाकट्यानं थोरल्याला कुंडलासकट बुचकळून काढलं.

दुसऱ्या दिवशी धाकटा उदास मनानं केळींकडं गेला. बघतो तर केळींच्या बुंध्यांभोवतीची आळी पाण्यानं भरलेली आणि थोरला कावड घेऊन चढ चढतोय.

"हे काय, दादा? पाणी तर सगळ्यांचं ना?"

"पाटातलं सगळ्यांचं," घाम पुसत थोरला म्हणाला. "कावडीतलं तुझं. तू काय उभा? दुसरी कावड उचल."

तात्पर्य: भावाचं भलं जरूर करा, पण ते स्वतःच्या खांद्यावर वाहून करा, त्यासाठी गावाचं पाणी वळवू नका.