पिवळ्या बंडीला टाळ्या

एकदा एक तरुण शिष्या आपल्या वृद्ध गुरुजींना परदेशातल्या एका मैदानावर रणसंग्राम दाखवायला घेऊन गेली, आणि तिथे पाहते तो आडदांड माणसे उन्हात एक गुडघा टेकून पाणी पीत बसलेली.

तिने काय काय कल्पिले होते. अमेरिकन फुटबॉल हा तिकडचा लाडका खेळ. नाव फुटबॉल, पण चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, आणि पायापेक्षा हातातच जास्त. पुढच्या फळीने छातीचा कोट करून शत्रूला अडवायचे आणि मागे उभ्या असलेल्या नायकाने त्या आडोशाने चेंडू दूरवर फेकायचा. टीव्हीवर तिने हे सामने पाहिले होते. माणसांवर माणसे आदळताना, हजारो लोक एका श्वासाने उभे राहताना पाहून तिचे रक्त सळसळले होते. शहराच्या व्यावसायिक संघाचा मोसमापूर्वीचा सराव लोकांना खुला आहे असे कळल्यावर तिच्या मनाने घेतले, की गुरुजींना हे दाखवलेच पाहिजे. माणसे एका ध्येयाने झपाटली की काय होते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले तर आपली योजना त्यांना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

प्रत्यक्षात पहिला तासभर चेंडू दिसलाच नाही. शिट्टी वाजली की पहिलवानासारखे पाच गडी तीन पावले पुढे टाकत आणि थांबत. परत मागे. परत तीच तीन पावले. एक प्रशिक्षक वाकून कुणाच्या तरी टाचेचा कोन पाहत होता. लोखंडी फळीचे बाक तापले होते. शिष्येचा पाय अखंड हलत होता. ती घड्याळ पाही, गुरुजींकडे पाही, काहीतरी बोलायला तोंड उघडी आणि मिटून घेई.

तिला घाई होती, आणि त्या घाईला कारणही होते. तिचे शिक्षण संपले होते. महिन्याभरात ती कायमची आपल्या तालुक्याच्या गावी परतणार होती. ज्या शाळेत ती शिकली, ती गुरुजींनी उभी केलेली सातवीपर्यंतची शाळा तिला नव्याने घडवायची होती. इयत्ता नकोत, घोकंपट्टी नको. लहानमोठी मुले एकत्र बसतील, शेतात आणि सुताराच्या कामशाळेत शिकतील. गेल्या हिवाळ्यात गावी जाऊन तिने ही योजना सर्वांपुढे मांडली होती. टाळ्यांचा कडकडाट झाला होता. टाळ्या थांबल्यावर मागच्या रांगेतून खरमाटे सर उठले. सातवीचे वर्गशिक्षक, कपाळाला कायमची आठी. त्यांनी विचारले, "ताई, सातवीनंतर ही पोरं जाणार कुठं? पुढची शाळा इयत्ता विचारणार. काय सांगायचं?"

तिने उत्तर दिले. चांगली पंधरा मिनिटे दिले. पुन्हा टाळ्या झाल्या.

"टाळ्या झाल्या," खरमाटे सर म्हणाले. "आता उत्तर द्या."

तेव्हापासून तो आवाज तिच्या कानात काट्यासारखा रुतून बसला होता. संस्थेचे अध्यक्ष गुरुजी. तिने त्यांच्यापुढे एकच अट ठेवली होती. खरमाटे सरांना संस्थेच्या दुसऱ्या गावच्या शाळेत पाठवा, मग मी मुख्याध्यापक म्हणून शाळा हाती घेते. गुरुजी लेकीकडे म्हणून उन्हाळ्यात इकडे आले, महिना राहिले, पण या अटीविषयी त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. परवा त्यांचे विमान होते. लेकीच्या घरी माणसांचा राबता. निवांत बोलायचे तर आजच.

"गुरुजी," ती म्हणाली, "तुम्ही काही ठरवलंत का?"

"थांब, आता चेंडू आला बघ," गुरुजी म्हणाले, आणि त्यांनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला.

मैदानात आता दोन बाजू समोरासमोर उभ्या राहिल्या. पुढच्या बाकावर संघाची टोपी घातलेला एक स्थूल गृहस्थ शेंगदाणे सोलत बसला होता. वर्षानुवर्षे येणारा असावा, कारण न विचारता तो सगळे सांगत होता. शिष्या मराठीत करून गुरुजींना ऐकवत होती. चेंडू फेकणारा नायक तो, लाल सदऱ्यातला. सरावात लाल सदऱ्याला कुणी हात लावायचा नाही. तो जायबंदी झाला तर सगळा मोसम बुडाला. आणि समोर पिवळ्या बंड्या घातलेले, ते आपलेच गडी, पण आज त्यांनी पुढच्या आठवड्यातल्या प्रतिस्पर्ध्यासारखे खेळायचे. त्यांच्या चाली, त्यांचे डावपेच. त्यांतले बरेचसे कच्चे खेळाडू. मोसम सुरू होण्याआधी निम्मे घरी जातील.

शिट्टी वाजली. फळ्या एकमेकींवर आदळल्या, आणि पिवळ्या बंडीतला एक उंच, हडकुळा गडी दोघांच्या मधून सुळकन निसटून थेट लाल सदऱ्यापाशी पोचला. वीतभर अंतरावर त्याने दोन्ही हात वर केले आणि तो थांबला. चाल फसली. बाकांवर हळहळ पसरली.

त्या हळहळीत टाळ्यांचा आवाज आला. गुरुजी टाळ्या वाजवत होते.

शिष्येला वाटले, त्यांना कळले नसावे. "गुरुजी, आपल्या संघाची चाल फसली."

"हो का," गुरुजी म्हणाले.

पुन्हा शिट्टी. पुन्हा तोच हडकुळा गडी, या खेपेला बाहेरच्या बाजूने वळसा घालून. पुन्हा हात वर, वीतभर अलीकडे. लोक वैतागले. कुणीतरी ओरडून त्याला घरी जायला सांगितले. गुरुजींनी मात्र पुन्हा टाळ्या वाजवल्या, आणि त्या रिकाम्या शांततेत त्या चांगल्याच लांबवर ऐकू गेल्या. चार माणसे वळून पाहू लागली. शेंगदाणेवाला गृहस्थ मागे वळला आणि हसत काहीतरी बोलला.

"काय म्हणतात ते?"

शिष्येचे कान लाल झाले होते. "विचारताहेत, आजोबा कुठल्या संघाचे?"

"सांग त्यांना, अजून ठरलं नाही."

तिने सांगितले. गृहस्थ पोट हलवत हसला आणि त्याने मूठभर शेंगदाणे गुरुजींच्या ओंजळीत टाकले.

तिसऱ्या खेपेला लाल सदऱ्याने चाल सुरू होण्याआधी त्या हडकुळ्याकडे पाहून काहीतरी म्हटले. काय ते कुणालाच ऐकू आले नाही. शिट्टी वाजली. हडकुळा धावला, पण दोन पावलांतच त्याच्या धावण्यातला जीव गेलेला दिसला. लाल सदऱ्याने सावकाश हात मागे नेला आणि चेंडू फेकला. तो निळ्या आभाळात फिरत फिरत लांब गेला, आणि पळत्या गड्याने तो अलगद झेलला. सगळे बाक उभे राहिले. शिष्याही उभी राहून टाळ्या वाजवू लागली. हेच तिला गुरुजींना दाखवायचे होते. तिने वळून पाहिले. गुरुजी बसून होते, हात मांडीवर.

मैदानात प्रशिक्षकाने कर्कश शिट्टी वाजवली. चेंडू झेलणाऱ्याकडे तो गेला नाही, फेकणाऱ्याकडेही नाही. तो तरातरा पिवळ्या बंडीकडे गेला आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा गरजला. "त्याच्यावर मेहेरबानी करतोस? पुढच्या आठवड्यात समोरचे करणार आहेत? जमत नसेल तर बंडी काढून दे, दुसरा उभा करतो." मग त्याने सगळ्यांना जागेवर बोलावून तीच चाल पहिल्यापासून खेळायला लावली.

हडकुळा गडी पुन्हा वाऱ्यासारखा सुटला. चाल पुन्हा फसली. त्यानंतर चार वेळा फसली. पाचव्यांदा फळीतल्या एका तरण्या गड्याने त्याचा वळसा ओळखून त्याला खांद्याने बाहेर ढकलले, आणि चेंडू गेला. तोवर लोक कंटाळून पांगले होते. टाळ्या वाजवायला फारसे कुणी उरले नव्हते. गुरुजींनी वाजवल्या.

सराव संपला. माणसे नामांकित खेळाडूंच्या सह्या घ्यायला कुंपणाकडे धावली. गवतावर पाण्याचे फवारे सुरू झाले. शिष्येचा धीर आता पार सुटला.

"तुम्ही मुद्दाम करत होता ते," ती म्हणाली. "लोक हसत होते, गुरुजी. मी तुम्हाला महिनाभर एक प्रश्न विचारतेय, आणि तुम्ही त्या पिवळ्या बंडीला टाळ्या वाजवताय."

"तुझ्याच प्रश्नाला वाजवत होतो," गुरुजी म्हणाले. उरलेले शेंगदाणे त्यांनी रुमालात बांधले. "अगं, लाल सदऱ्याला जपतात ते बरोबरच आहे. पण सामन्याच्या दिवशी तो सदरा अंगावर नसतो, हे त्या मुलालाही ठाऊक असणार. गेल्या हिवाळ्यात तू गावात आलीस ती लाल सदरा घालून आलीस. मान हलवू नकोस. परदेशात शिकलेली, गुरुजींच्या हाताखालची. तू बोलायला लागलीस की सगळे वीतभर अलीकडे थांबत होते. तुला वाटलं, योजना पटली. काहींना पटलीही असेल. पण अंगावर कुणी आलंच नाही, तर ती उभी राहते की कोसळते, ते कळायचं कसं? एकच माणूस थांबला नाही. आणि त्याला मैदानाबाहेर काढा, असं तू मला सांगतेस."

शिष्या उसळली. "ते माझ्या भल्यासाठी करत नाहीत. त्यांना मी नको आहे. मुख्याध्यापकाची खुर्ची आपल्याला मिळायला हवी होती असं त्यांना वाटतं."

"वाटतंच त्याला. माझ्या तोंडावर म्हणाला तो."

"मग?"

"मग हा हडकुळा काय लाल सदऱ्याच्या प्रेमापोटी धावत होता? त्याला आपली जागा राखायची होती. धावून येणाऱ्याचं मन स्वच्छ आहे की नाही हे तपासत बसलीस, तर तेवढ्यात तो तुझ्यापर्यंत पोचलेला असतो."

"आणि खरमाटे सर चुकत असले तर?"

"पुष्कळदा चुकतो. मुताऱ्यांवर पत्रे नकोत म्हणाला, त्याचं ऐकलं, आणि पहिल्याच पावसात पोरं छत्र्या घेऊन आत जायला लागली." गुरुजींना हसू आले. "चुकला तर त्याला अडव. पण पाच वेळा फसल्याशिवाय त्या तरण्या पोराला अडवता आलं का? ते शिकायला समोर कुणीतरी लागतं, आणि ते माणूस गोड असून चालत नाही."

गाडीपाशी आल्यावर गुरुजी म्हणाले, "शाळा तुझ्या हाती द्यायचं माझं केव्हाच ठरलंय. अटीसकट मात्र नाही. अट सोडायची की शाळा, हे तू ठरव. परवा मी निघतो."

परतीच्या वाटेवर तिने गाडी नको इतक्या वेगात चालवली. तिला गुरुजींचा राग आला होता. खरमाटे सरांचा तर होताच. घरी आल्यावर ती खोलीत येरझारा घालत राहिली. त्या माणसाला खोटे पाडायचे म्हणून तिने मनातल्या मनात त्याच्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यापासून द्यायला सुरुवात केली. सातवी संपलेली एक मुलगी तिने डोळ्यांपुढे आणली. ती मुलगी पुढच्या शाळेच्या दारात उभी आहे, कारकून तिला इयत्ता विचारतो आहे, बाप मागे ताटकळतो आहे. तिथपर्यंत आल्यावर तिचे सुंदर वाक्य संपून जाई आणि मुलगी दारातच उभी राही. तिने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा मुलगी दारातच. पंधरा मिनिटांच्या त्या भाषणात या मुलीसाठी एक शब्दही नव्हता, हे तिला हळूहळू आणि फार नकोसे वाटत उमगले. टाळ्या वाजवणाऱ्या एकालाही ते दिसले नव्हते. किंवा दिसले असेल, आणि ते वीतभर अलीकडे थांबले असतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने निर्णय घेतला. तो प्रथम गुरुजींना सांगावा असे तिला वाटले, पण तिने फोन लावला तो गावी. तिथे संध्याकाळ झाली होती. मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"खरमाटे सर, मी बोलतेय. तुमची बदली करा असं मी गुरुजींना म्हटलं होतं."

"कळलंय मला," ते म्हणाले. "सगळ्या गावाला कळलंय."

"ते मी मागे घेतलंय. सातवीनंतरच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. ते सापडेपर्यंत नवं काही सुरू करायचं नाही, असं मी ठरवलंय. मी आले की दर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आपण दोघांनी बसायचं. मी मांडणार, तुम्ही मोडायचं."

पलीकडचा भांड्यांचा आवाज थांबला. फोन कट झाला की काय, म्हणून तिने पडद्याकडे पाहिले.

"मला गोड बोलता येत नाही, ताई," खरमाटे सर शेवटी म्हणाले.

"नका बोलू."

"आणि शनिवारी मला जेवायला उशीर झालेला चालत नाही."

"मग जेवून बसू," ती म्हणाली. कालपासून हलत असलेला तिचा पाय आता थांबला होता.