साठ मुलं आणि एकट्या एस्तेरबाई

फार फार वर्षं झाली या गोष्टीला. मोठ्या नदीच्या वळणावर एक गाव होतं आणि त्या गावात कौलारू छपराचं एक छोटंसं चर्च होतं. दर रविवारी उपासना झाली, की तिथे मुलांचा वर्ग भरायचा. वर्ग म्हणजे एस्तेरबाई. घंटा त्याच वाजवायच्या, गाणी त्याच शिकवायच्या, गोष्ट त्याच सांगायच्या आणि शेवटी चणे-गूळही त्याच वाटायच्या.

कुणी मदतीला आलंच, तर त्या म्हणायच्या, "राहू द्या हो, मी करते. माझ्या हाताला सवय आहे."

चौदा मुलं होती तोवर हे निभलं. मग नदीपलीकडे दगडाची खाण सुरू झाली. लांबून लांबून कुटुंबं राहायला आली आणि बघता बघता मुलं झाली साठ! चर्चच्या पाळकसाहेबांना इतका आनंद झाला, की त्यांनी जाहीरच करून टाकलं, "यंदा आपण मुलांचा सण करायचा!" मुलांनी असा ओरडा केला, की छपरावरची कबुतरं भर्रकन उडाली.

पुढच्या रविवारी एस्तेरबाई मोठ्या मुलांचं गाणं बसवत होत्या. धाकटी मागे खेळत होती. त्यांतली चार वर्षांची रूथ दारातून कधी बाहेर पडली, कुणाला कळलंच नाही.

थोड्या वेळाने शांतवन नावाडी तिला कडेवर घेऊन आला. तिचा परकर ठिबकत होता. "बाई, ही माझ्या नावेत चढायला गेली आणि पाण्यात पडली. मी तिथंच होतो म्हणून बरं."

एस्तेरबाईंनी रूथला पोटाशी धरलं. मुलं घरी गेल्यावर त्या पाळकसाहेबांना म्हणाल्या, "मला नाही हे झेपत. मी वर्ग सोडते."

"वर्ग सोडू नका बाई," पाळकसाहेब म्हणाले. "काम वाटा."

मग काय! चर्चच्या मंडळीत विचारल्याबरोबर वीस हात वर झाले. पण प्रत्येकाला गोष्टच सांगायची होती. पुढच्या रविवारी तीन कोपऱ्यांत तीन गोष्टी एकदम सुरू झाल्या. मुलं हसून लोळायला लागली आणि दाराशी मात्र कुणीच नव्हतं. सत्यवान सुतार खणखणीत आवाजात म्हणाला, "आधी पुढारी कोण ते ठरवा! मी व्हायला तयार आहे!"

एस्तेरबाईंनी टाळी वाजवली. "सत्यवानभाऊ, ते मागाहून. आधी मला सांगा, गावात लोक तुम्हाला कशासाठी हाक मारतात?"

सत्यवान म्हणाला, "मोडलेलं सांधायला."

"मग सणाचा मंडप तुमचा. त्यात मी बोलणार नाही."

असं त्यांनी एकेकाला विचारलं. शांतवन रोज नावेत माणसं मोजून घेत असे. त्याला दार मिळालं. मुलं येताना मोजायची, जाताना मोजायची. खाऊ वाटायचं काम मार्थाकाकूंनी उचललं. कोष्ट्याच्या घरची करुणा कोपऱ्यात गप्प उभी होती. "मला कुणी कशालाच हाक मारत नाही," ती म्हणाली. "फक्त रात्री भाचरं गोष्ट सांग म्हणतात."

"मग गोष्ट तुझी," एस्तेरबाई म्हणाल्या. खरं तर गोष्ट सांगणं हेच त्यांचं सर्वांत लाडकं काम होतं.

सणाचा दिवस आला. मंडप फुलांनी भरला, ढोलकी घुमली, गाणी झाली. करुणा गोष्ट सांगायला उभी राहिली आणि मध्येच अडखळली. तिला पुढचं आठवेना! एस्तेरबाई चटकन उठल्या. गोष्ट त्यांना तोंडपाठ होती. दोन पावलं टाकून त्या थांबल्या, करुणाकडे बघून हसल्या आणि परत खाली बसल्या.

करुणाने श्वास घेतला. "मुलांनो, तुम्हीच सांगा बरं, पुढे काय झालं असेल?"

साठ गळ्यांतून एकदम आवाज उठला! कुणी म्हणे वादळ आलं, कुणी म्हणे राजा आला. त्या गोंगाटातून करुणाला तिची गोष्ट सापडली, आणि अशी रंगली, की आयासुद्धा पुढे सरकून बसल्या. जाताना शांतवनने मोजलं. साठच्या साठ!

पुढच्या वर्षी नदीपलीकडे दुसरा वर्ग निघाला. तो करुणा चालवू लागली. एस्तेरबाई बहिणीच्या आजारपणात दोन महिने परगावी राहिल्या, तरी एक रविवारही वर्ग चुकला नाही. परत आल्यावर त्या मागच्या चटईवर मुलांमध्ये बसल्या आणि त्यांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मुलांसारखी मांडी घालून, दुसऱ्याच्या तोंडून वर्गातली गोष्ट ऐकली.

तात्पर्य: खरा पुढारी सगळं काम स्वतः करत नाही, तो प्रत्येकाला त्याचं काम देतो आणि ते त्याच्या हातून होऊ देतो.