साळुंकीला आधी उठवा

हत्ती रोज सकाळी सगळ्यांना पाणवठ्याची वाट मोकळी करून देई, त्या काळातली ही गोष्ट.

एका पहाटे तो उठता उठता धाडकन कोसळला. डोक्याला असा मार लागला, की काय झालं ते त्यालाच आठवेना. दुसऱ्या पहाटेही तेच. जंगल घाबरलं. आणखी एकदा पडला तर उठेल का?

"मुंग्या चावल्या असतील, हाकला त्यांना," माकड म्हणालं. मुंग्या अंडी तोंडात धरून निघायच्या तयारीत उभ्या राहिल्या.

सगळे साळुंकीकडे वळले. घडलेलं सारं तिच्या लक्षात राही.

"काय सांगू? मी डोळे उघडते तेव्हा तो पडलेला असतो."

जंगलाला उठवणारा कोंबडा ओशाळला. "बाई, काही बिघडलं तरच तुमचं काम. म्हणून तुम्हाला शेवटी उठवतो. तेवढीच झोप."

"उद्या मला त्याच्या आधी उठव. आणि माझ्याही आधी काजव्याला. अंधारात मला दिसणार काय?"

तिसऱ्या पहाटे हत्तीभोवती पाचोळ्याचा ढीग रचला. काजवा चमकला, साळुंकी फांदीवर बसली, मग हत्तीला हाक गेली. हत्ती पडलाच, पण पाचोळ्यावर.

"मुंग्या नव्हत्याच!" साळुंकी ओरडली. "मागचा पाय झाडाच्या मुळात अडकलाय, आणि हा तसाच उठतोय!"

उंदरांनी ते मूळ कुरतडून टाकलं. पुढे महिनाभर काही झालं नाही.

"आता बाईंना झोपू द्यायचं का?" कोंबड्यानं विचारलं.

हत्ती जमिनीवरूनच म्हणाला, "बाई फांदीवर बसल्याशिवाय मी उठायचा नाही."